पाहुणे, पाणी आणि पिठाची गिरणी

निर्वाणलाडू चढवून झाला, सायंकाळी वहीपूजनही झाले आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला सकाळी, पुतण्याने एक फाईल माझ्यापुढे आणून ठेवली. दिवाळीला मी दरवर्षी तलवाड्याला जातो. थोरले बंधू गेल्यापासून तर न चुकता जातो. फाईलवर शीर्षक होते, ‘भक्तनिवास, चौदा खोल्या’. आत आमच्या वाड्याचा नकाशा, बांधकामाच्या खर्चाचा अंदाज आणि पुढील सात वर्षांचा अपेक्षित नफातोटा. “काका, अशा शेकडो फायली तुमच्या हाताखालून गेल्या आहेत. आकडे बरोबर आहेत का, तेवढे पाहा. आणि शेवटच्या पानावर तुमची सही लागेल,” तो म्हणाला. वाड्यात निम्मा हिस्सा माझा आहे, म्हणून सही.

आकडे बरोबर होते. मार्जिन पुरेसे होते, तारण निर्वेध होते, खोल्या निम्म्या भरल्या तरी हप्ता निघत होता. बँकेत असतो तर दोन दिवसांत शिफारस लिहिली असती.

ज्यांना तलवाडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले हे गाव. टेकडीवर त्वरिता देवीचे मंदिर. पायऱ्या चढून वर गेले की चहूकडचा मुलूख दिसतो. अनेक घराण्यांची ही कुलदेवता, त्यामुळे दूर पांगलेली कुटुंबे लग्नानंतर, जावळानंतर दर्शनाला येतात आणि नवरात्रात तर यात्राच भरते. पूर्वी माणसे बैलगाडीने येत, पायथ्याशी तीन दगड मांडून स्वयंपाक करीत आणि उतरत्या उन्हात परत निघत. आता धुळे-सोलापूर महामार्गावरून गाड्या येतात. गोदाकाठचे राक्षसभुवन, तलवाड्याची देवी, पैठणचे नाथ अशी एका दिवसाची फेरी लोक करतात. आपल्या समाजातील मंडळी पैठणला मुनिसुव्रतनाथांच्या अतिशय क्षेत्री जातात, तीही कधी कधी वाट वाकडी करून आमच्याकडे डोकावतात. देवस्थानांना अ, ब, क असे वर्ग लावून विकासाचा निधी देण्याची शासनाची पद्धत आहे. त्यामुळे प्रत्येक देवस्थानाच्या गावात आता ‘आपल्याकडेही काही झाले पाहिजे’ अशी बोलणी चालतात. आमचा वाडा पायथ्याकडे जाणाऱ्या गल्लीत आहे. पुतण्याचा हिशेब सरळ होता.

फाईल मिटली आणि मला पंढरपूर आठवले.

नव्वदच्या दशकात तीन वर्षे मी पंढरपूरच्या शाखेत अधिकारी होतो. २०११ च्या जनगणनेत ज्या शहराची वस्ती सुमारे नव्याण्णव हजार भरली, तेथे एका आषाढीला काही लाख माणसे उतरतात, आणि अशा वाऱ्या वर्षात चार: आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. एकादशीनंतरच्या आठवड्यात आमच्या शाखेत चिल्लरच्या थैल्यांचा ढीग लागे. कुंकू-बुक्क्याचे दुकानदार, चुरमुरे-बत्ताशाचे, तुळशीमाळांचे, टाळांचे, घोंगड्यांचे. नाणी मोजताना रोखपालाची बोटे बुक्क्याने काळी होत. वर्षाची कमाई चार पंधरवड्यांत करणारे ते शहर होते आणि त्या कमाईविषयी तेथे कोणाच्या मनात कडवटपणा नव्हता. जुन्या घरांतून ठरलेल्या दिंड्या ठरलेल्या ओसरीवर उतरत. आजोबा आले त्याच घरी नातू येई. यजमानीण वारकऱ्याच्या मुलीचे लग्न जमले का, हे विचारी, आणि वारकरी जाताना शेतातली ज्वारी ठेवून जाई. खोलीचे भाडेही असे, नाही असे नाही. पण ते भाडे ओळखीच्या मागून येई.

आमच्या शाखेपासून जवळच, प्रदक्षिणा मार्गाला मिळणाऱ्या एका अरुंद बोळात किराणा मालाचे एक दुकान होते. मालकाचे आमच्याकडे कॅश क्रेडिट खाते. उलाढाल मध्यम, पण खाते स्वच्छ. बोळातल्या तीस-चाळीस घरांची महिन्याची यादी तेथे भरली जाई, आणि पगार उशिरा झाला तर दुकानदार वहीत मांडून ठेवी. त्यांच्या थोरल्या मुलाने एक दिवस प्रस्ताव आणला: दुकान बंद करून तीन मजली लॉज बांधायचा. कॅश क्रेडिट फेडून मुदत कर्ज. मी जागा पाहिली, कागद पाहिले, आकडे पाहिले आणि शिफारस केली. कर्ज मंजूर झाले.

लॉज सुरू होऊन पाच-सहा महिने झाले असतील. शेजारच्या घरातल्या एक निवृत्त शिक्षिका निवृत्तिवेतन घ्यायला येत असत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. त्यांनी तक्रार केली असे म्हणता येणार नाही. वर्गातल्या मुलाला समजावून सांगावे तसे सांगितले. लॉजच्या बोअरला पाणी लागले आणि त्यांच्या घरातला आड आटला. रात्री दोनला गाड्या येतात, हॉर्न वाजतात, चालक बोळात उभे राहून बोलतात. सांडपाण्याचा पाइप त्यांच्या भिंतीलगत उघडा आहे. आणि शेवटी म्हणाल्या, “साहेब, या सगळ्याची सवय होईल एकवेळ. पण आता गूळ संपला तर मला चौकात जावे लागते, आणि वारीच्या दिवसांत तर पाच-पाच दिवस बाहेरच पडता येत नाही. तुम्ही कर्ज देताना शेजाऱ्याला विचारत नाही का?”

मी त्यांना खरे तेच सांगितले. शेजाऱ्याला विचारण्याचा रकाना बँकेच्या अर्जात नसतो. त्यांनी मान हलवली, पासबुक पिशवीत ठेवले आणि गेल्या. माझी बदली झाली त्या वर्षी त्यांनी घर विकले आणि पुण्याला भाच्याकडे गेल्या. घर कोणी घेतले, हे वेगळे सांगायला नको. त्या लॉजने शेवटचा हप्ता मुदतीच्या चौदा महिने आधी भरला. बँकेच्या दृष्टीने इतके उत्तम खाते माझ्या नोकरीत मी थोडेच पाहिले.

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवले होते की प्रत्येक जमेला एक नावे असते. तसे नसेल तर तेरीज जुळत नाही. यात्रेच्या गावांचा हिशेब मात्र आपण एकाच बाजूने मांडतो. इतके लाख भाविक आले, इतक्या कोटींची उलाढाल झाली. त्या उलाढालीची नावे बाजू कोणाच्या खात्यावर पडली, हे कोणी लिहीत नाही. जमा होते ती लॉजवाल्याकडे, गाडीतळवाल्याकडे, दुकानदाराकडे. नावे पडते ते पाणी, झोप, रस्ता, गटार, चढलेले भाडे, आणि ते पडते सगळ्या गावावर. त्यात ज्याचा यात्रेशी काही संबंध नाही तो शाळामास्तरही आला आणि तापाने फणफणलेले लेकरू घेऊन गर्दीतून दवाखान्यात निघालेली बाईही आली. इंग्रजी अमदानीत पंढरपूरला यात्रेकरूंवर कर घेत असत. त्यामागे पटकीच्या साथींची भीती होती आणि गावाच्या सफाईचा खर्च होता. आज कर नाही, शासनाचे यात्रा अनुदान असते. पण त्या सफाईचे काम कोणाच्या हातांनी होत आले, यावर उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, तेव्हा कुठे लोकांना दिसले. वाळवंटातली वस्ती हलवून नदीपलीकडच्या पासष्ट एकरांवर दिंड्यांची सोय झाली, ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. तिने वारकऱ्यालाही सुख दिले आणि गावालाही. मंदिराभोवतीच्या नव्या आराखड्याविषयी मात्र तेथील रहिवासी आणि व्यापारी अस्वस्थ आहेत, कारण रुंद होणाऱ्या रस्त्याखाली त्यांची घरे-दुकाने जाणार आहेत. गर्दीच्या दिवशी अरुंद बोळ धोक्याचे असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे काहीच करू नका असे मी म्हणणार नाही. परंतु देवळाभोवती राहणारी माणसेच उठली, तर वारीच्या त्या चार पंधरवड्यांव्यतिरिक्त उरलेल्या दिवसांत तेथे दिवा कोण लावणार, हा प्रश्न कोणत्याही आराखड्यात मी वाचलेला नाही.

हे सगळे मी यजमानाच्या बाजूने सांगितले. पाहुणा म्हणून मी स्वतः काही कमी नाही.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता, मुलगी, जावई आणि नात असे गोव्याला गेलो होतो. पणजीत फोंताईन्हास म्हणून जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांची वस्ती आहे. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, लहान सज्जे, कौलारू छपरे. नातीला एका निळ्या दाराशी उभे करून जावई छायाचित्र काढत होते. ती पायरीवर बसली, मग दाराच्या कडीला धरून उभी राहिली, मग उलट्या बाजूने. आमच्या मागे आणखी दोन मंडळी आपल्या पाळीची वाट पाहत होती. एक लग्न ठरलेले जोडपे तर कपड्यांच्या बॅगा घेऊन आले होते. एवढ्यात दार उघडले. आत एक वृद्ध गृहस्थ, हातात भाजीची पिशवी. त्यांना फक्त बाहेर पडायचे होते. आम्ही बाजूला झालो, त्यांनी दार ओढून घेतले, कुलूप लावले, ते ओढून पाहिले आणि आमच्याकडे न पाहता निघून गेले. पुढच्या घरावर, छायाचित्रे काढू नयेत अशी पाटी होती. ती आम्ही आधी वाचली होती आणि म्हणूनच या दाराशी आलो होतो. ते गृहस्थ रागावले असते तर मला बरे वाटले असते. परत येताना मी त्या रस्त्यावर वाण्याचे दुकान शोधले. भाजी घ्यायला त्यांना किती लांब जावे लागत असेल, हा विचार डोक्यात होता. पंढरपूरच्या बाईंचा गूळ तेथेही माझ्या मागे आला होता.

इटलीतले व्हेनिस याच दुखण्याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण. जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. घरे पाहुण्यांसाठी भाड्याने गेली, बेकरी आणि चांभाराचे दुकान जाऊन मुखवटे विकणारी दुकाने आली. एप्रिल २०२४ पासून तेथे ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घेण्यास सुरुवात झाली. पाच युरोने गर्दी किती हटेल, मला शंकाच आहे. आपल्याकडे कोणी पाचशे रुपयांसाठी सहल रद्द करतो का? मला त्या शहरातली दुसरी एक गोष्ट अधिक भावली. तेथील एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत २००८ पासून एक फलक आहे. त्यावर शहरात आज किती रहिवासी उरले, तो आकडा असतो. दुकानदाराने लावलेला ताळेबंद. व्यापारी माणसाला तो चटकन कळतो: ही आपली खरी गिऱ्हाइके, आणि ती रोज कमी होत आहेत.

आता आपल्या घरातले. डिसेंबर २०२२ आणि जानेवारी २०२३ मध्ये आपल्यापैकी बहुतेकांनी सम्मेद शिखरजीसाठी दुकाने बंद ठेवली, मोर्च्यांत चाललो. पारसनाथ पर्वताच्या परिसराला केंद्राने ऑगस्ट २०१९ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केले आणि त्यात पर्यटनाला वाव ठेवला, ही आपली हरकत होती. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी सहलीचे ठिकाण होऊ नये, हे म्हणणे रास्त होते आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने पर्यटनाच्या त्या तरतुदींना स्थगिती दिली. आपण पेढे वाटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत संथाळ बांधवांचे मेळावे झाले. त्यांच्यासाठी तोच पर्वत मरांग बुरू, त्यांचा देव. ते तेथे राहतात. डोलीवाले तेच, मजूर तेच. मी तीन वेळा शिखरजीची वंदना केली, त्यातली शेवटची गुडघ्यांमुळे डोलीतून. ज्या दोघांच्या खांद्यांवर बसून मी सत्तावीस किलोमीटरांची ती फेरी केली, त्यांचा या पर्वताशी काय संबंध आहे, हे त्यांना विचारावे असे त्या संपूर्ण दिवसात माझ्या मनात आले नाही. मधुबनात परत आल्यावर मजुरी चोख दिली, वर बक्षिसी दिली आणि हिशेब पूर्ण झाला असे समजलो. काही वाचकांना हे परिच्छेद रुचणार नाहीत, याची मला कल्पना आहे. पण आपल्या तीर्थाच्या पावित्र्यासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या समाजाने, दुसऱ्याच्या गावात आपण पाहुणे म्हणून कसे वागतो, हेही एकदा पाहावे.

आपल्याकडे या विषयाचा विचार झालेलाच नाही असे नाही. उलट फार बारकाईने झाला आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत पहिले दिग्व्रत: कोणत्या दिशेला किती लांब जायचे, याची मर्यादा आधीच घालून घ्यायची. लहानपणी मला ते विचित्र वाटे. जाण्याने काय हिंसा होते? मूलाचारात मुनींसाठी खेड्यात एक रात्र आणि नगरात पाच दिवस असा निवास सांगितला आहे. आहारचर्येला भ्रमराची उपमा आहे, फुलाला इजा न करता रस घेणाऱ्या भुंग्याची. मी ते सारे आजवर साधूंच्या आत्मकल्याणाचे नियम म्हणून ऐकले. पंढरपूरचा आड आटल्यानंतर मला त्यात यजमानाचीही काळजी दिसू लागली. येणारा कितीही पूज्य असला, तरी त्याच्या येण्याचा भार गृहस्थावर पडतो, हे आचार्यांनी ओळखले होते. माझे वडील १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेच्या वेळी कुंथलगिरीला गेले होते. जाताना त्यांनी शिधा बरोबर नेला होता, कारण एवढी माणसे जमल्यावर तिथल्या माणसांनी काय खावे, असे आजी म्हणाली होती. आज आपण भोजनशाळेत ताट कमी-जास्त झाले तरी व्यवस्थापकाला चार शब्द ऐकवतो.

तर ती फाईल. मी पुतण्याला सांगितले की मला आठवडा दे. तो हसला. “काका, आकड्यांत चूक सापडली का?” “आकड्यांत नाही,” म्हणालो. “पाण्याची एकच ओळ आहे यात. ‘बोअरवेल, उपलब्ध’.”

मी कागद घेतला. चौदा खोल्या, खोलीत तीन माणसे, म्हणजे बेचाळीस. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी धरतात आणि लॉजमध्ये माणूस घरच्यापेक्षा कमी पाणी वापरीत नाही. एकूण ५,६७० लिटर. जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या हिशेबाने आमचे बेचाळीस पाहुणे रोज गावातल्या १०३ माणसांचे पाणी वापरणार. आमच्या गल्लीत एवढी माणसे नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो आमच्या शेजारचाच जिल्हा. पैठणचा उजवा कालवा आमच्या तालुक्यातून जातो हे खरे. पण नाथसागर भरला तर कालवा, आणि कालवा शेतासाठी.

पुतण्याने आकडा दोनदा तपासला. मग तो जे बोलला, ते मी येथे जसेच्या तसे देतो, कारण त्याला उत्तर माझ्याजवळ नव्हते. “काका, तुम्ही अठराव्या वर्षी गाव सोडले. तुमचे निवृत्तिवेतन येते, चिरंजीव पुण्याला आहेत. या गावात राहतो मी. कापडाच्या दुकानात लग्नसराई सोडली तर दिवसाला पाच गिऱ्हाइके येतात, बाकीची मोबाईलवर मागवतात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला अर्धी माणसे निघून जातात, तेव्हा बाजारात चिटपाखरू नसते. पश्चिमेकडचे माळवद दोन पावसाळ्यांपासून गळते, बळदाची भिंत फुगली आहे. दुरुस्तीला चार लाख लागतील. ते कोठून आणू? पाहुणे आले नाहीत तर मीही जाईन. मग रहिवासी रहिवासी म्हणून तुम्ही कोणाचे भले बघणार?”

मी इतका वेळ रहिवाशांच्या वतीने विचार करीत होतो आणि समोर बसलेला रहिवासी मला दिसला नव्हता. दिवाळीचे चार दिवस वाड्यात राहून, चौकातल्या तुळशीकडे पाहत ‘सगळे जसेच्या तसे राहावे’ म्हणणारा मीच खरे तर पर्यटक होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गल्लीत घरोघर गेलो. कल्पना माझी; त्याला प्रथम संकोच वाटला. व्यापारी माणूस आपला बेत आधी सांगत नाही, हे त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. अकरा घरे. चहा नको म्हणता म्हणता दोन दिवस गेले. कोणी सरळ विरोध केला नाही. एकाने आपल्या मुलाला तेथे नोकरी मिळेल का विचारले, एकाने गाड्या कोठे लावणार ते विचारले, एकीने रात्री दारू पिऊन येणाऱ्यांचे काय, असे विचारले. देवघरात पार्श्वनाथांची मूर्ती असलेल्या आमच्या घरात तो प्रश्न आम्हीच आधी विचारायला हवा होता. शेवटच्या घरातल्या आजी म्हणाल्या, “खोल्या करा बापा. पण गिरणी कुठं जाणार?”

वाड्याच्या दर्शनी बाजूला, रस्त्याला लागून एक खण भाड्याने दिलेला आहे. एक जोडपे तेथे पिठाची गिरणी चालवते. नकाशात त्या जागी पाहुण्यांच्या नोंदणीचा कक्ष होता. ती गिरणी उठली, तर आजींना दळणाचा डबा घेऊन बसस्थानकापर्यंत जावे लागले असते. सत्तर पावलांचे अंतर अर्ध्या कोसाचे झाले असते. पुतण्या काही बोलला नाही. घरी आल्यावर त्याने नकाशा काढला आणि नोंदणीच्या कक्षावर पेन्सिलीने काट मारली.

नवा प्रस्ताव पाच खोल्यांचा आहे. पश्चिमेची बाजू दुरुस्त करून त्यातच खोल्या, मागचे दोन चौक कुटुंबाला. माळवदावरचे पावसाचे पाणी जुन्या आडात सोडायचे, गाड्या गावाबाहेर आमच्याच शेतात लावायच्या आणि दिंडी दरवाजा रात्री दहाला बंद. पाच खोल्यांचे पाणी २,०२५ लिटर होते. तेही मला जास्तच वाटते. परतफेडीची मुदत सातऐवजी दहा वर्षे करावी लागली. बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याला यात फारसा उत्साह दिसला नाही. चौदा खोल्यांचा प्रस्ताव अधिक ‘व्हायेबल’ होता, असे तो म्हणाला, आणि तो बरोबरच बोलला. त्याच्या खुर्चीवर मी असतो तर मीही तेच म्हटले असते. सही केली. त्याच्या अर्जातही शेजाऱ्याचा रकाना नव्हता.

पाच खोल्यांत पुतण्याचे भागेल की नाही, मला सांगता येत नाही. शेजारच्या वाड्याचे वारस संभाजीनगरला असतात. त्यांनी वीस खोल्या काढल्या तर आमच्या संयमाचा गल्लीला काय उपयोग, हाही प्रश्न त्याने विचारला आहे. ग्रामसभेत पाण्याचा आणि गाडीतळाचा विषय मांडण्याचे त्याने कबूल केले आहे. मी जाईन म्हटले तर म्हणाला, “काका, तुमचे नाव इथल्या मतदार यादीत नाही.”

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. तीन खोल्यांचे प्लास्टर झाले आहे आणि नवरात्रापूर्वी त्या सुरू करायच्या आहेत. एकच अडचण होती. गिरणी पहाटे सहाला चालू होते आणि पहिल्या खोलीच्या भिंतीला तिची थरथर लागते. पाहुणे कुरकुर करतील. गिरणीवाल्याला आठनंतर चालू कर म्हणून सांगू का, असे त्याने विचारले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, शाळेत डबे देणाऱ्या बायका दळण सहालाच टाकतात, हे त्यालाही ठाऊक होते. मला फक्त आठवण करून द्यावी लागली. थोडा वेळ फोनवर शांतता होती. मग तो म्हणाला की दरवाज्यावरच्या पाटीवर भाडे, जेवणाची वेळ, सूर्यास्तानंतर स्वयंपाक बंद, हे सगळे लिहायचेच आहे. त्यातच एक ओळ घालतो, ‘गिरणी सकाळी सहाला सुरू होते’.